गोळा काडीवरून का सुटतो

बसा, बसा, मागे खुर्च्या आहेत. पत्रिकेत विषय छापलाय 'वसंतातली हिमस्खलनं'. तिकडे येतोच, पण आधी माझी एक जुनी तक्रार. आपण मराठी माणसांनी बर्फाला एकच शब्द ठेवलाय. सरबतातला बर्फ, पापलेटवर टाकतात तो बर्फ आणि मनालीला भाड्याचे गमबूट घालून ज्यावर आपण आपटतो तोही बर्फच. 'हिम' आहे, पण तो कवितेत राहतो. त्यामुळे बर्फ म्हणजे थंडी, थंडी म्हणजे जानेवारी, आणि मुलांची परीक्षा संपवून गेलो की धोका संपला, असं आपलं गणित. 23 एप्रिल 2021 ला उत्तराखंडात सुमना इथे रस्त्याच्या मजुरांचा कॅम्प हिमस्खलनात गाडला गेला. त्याआधी काही दिवस तिथे पाऊस आणि बर्फ चालूच होता. 4 एप्रिल 2023 ला गंगटोक-नथुला रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटकांचा जीव गेला. दोन्ही वेळा महिना एप्रिल.

गणित माझंही तेच होतं. काही वर्षांपूर्वी मेमध्ये कुल्लूकडची एक खिंड ओलांडायला आम्ही चौदा जण गेलो. गाइड आदल्या रात्री म्हणाला, पहाटे तीनला निघायचं. आमच्यात एक काका होते, पोटात काही गेल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नाही. पोहे त्यांनी घरून आणलेले. आता 13,000 फुटांवर पोहे करायचे म्हणजे आधी बर्फ वितळवून पाणी. मग शेंगदाणे तळा. मग कुणीतरी अंधारात लिंबू शोधतंय. हसू नका, मीच शोधत होतो. निघालो साडेसहाला! नऊच्या सुमारास खिंडीखालच्या उताराशी पोचलो, तर पाय गुडघाभर आत. वरच्या खडकांपासून लाडवाएवढे गोळे सुटत होते, घरंगळत खाली येईतो कलिंगडाएवढे होत होते. आम्ही कौतुकाने फोटो काढले. गाइडने ते गोळे बघितले, काठी रोवली आणि म्हणाला, "वापस." पैसे भरलेत, रजा संपलीय, पुढच्या ग्रुपच्या पावलांच्या खुणा दिसतायत, सगळं ऐकवून झालं. तो ढिम्म. कॅम्पवर येऊन आम्ही रुसून बसलो. साडेबाराला समोरचा तोच उतार सुटला. धुरळा नाही, काही नाही. मिक्सरमधून काँक्रीट ओततात तसा जाड, करडा, सावकाश खाली आला. काकांनी उरलेले पोहे गाइडला वाढले.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं, मुद्दा. गोळेवाला किसलेला बर्फ काडीवर दाबतो, तो घट्ट बसतो. वरून काला खट्टा ओततो. तो झिरपत काडीपर्यंत पोचला, की अख्खा गोळा आपल्या शर्टावर. डोंगरावर तेच. उन्हाने बर्फ शून्य अंशाला आला की कणांमधले सांधे वितळतात, पाणी खाली उतरतं, एखाद्या कडक थरावर किंवा थेट कातळावर अडतं आणि वरचं सगळं तिथून सरकतं. उतार साधारण 30 ते 45 अंशांचा असला की झालंच. ताज्या कोरड्या हिमाच्या घनमीटरचं वजन 50 ते 100 किलो, या ओल्या मालाचं 300 ते 500. वेग कमी, पण थांबला की असा आवळून बसतो की बोट हलत नाही.

पहाटे निघायचं ते यासाठी. रात्री पुन्हा गोठून सांधे धरलेले असतात. पण रात्र निरभ्र असेल तरच! ढगांचं पांघरूण असलं तर बर्फाची उष्णता वर निघून जात नाही, तो गोठतच नाही, मग पहाटे तीनलाही तो दुपारसारखाच. ताज्या बर्फावर पाऊस पडला तर त्याहून वाईट, कारण वजनही वाढतं आणि सांधेही सुटतात. त्या दिवशी तंबूतच बसायचं, पोहे खुशाल करा. बूट घोट्याच्या वर रुतायला लागला की उतारावरून बाजूला व्हायचं. पूर्वेकडच्या उतारांना ऊन आधी लागतं, पश्चिमेकडचे दुपारनंतर... हो, हो, थांबतो. स्लाइड्स राहिल्याच. ज्यांना बघायच्यात त्यांनी चहाच्या टेबलाशी या, लॅपटॉपवर दाखवतो.