मागच्या ॲक्सलचं काम झालं, आणि गाडी थरथरायला लागली

[दृश्य: खड्ड्यावर उभी जीप, खालून दिसणारा प्रोपेलर शाफ्ट]

मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) नवे. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला फिरणं पोचवणारी नळी; तिच्या दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे वळते सांधे, नवे. डिफरेन्शियलमध्ये, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या डब्यात, ताजं ऑइल. तरीही साठच्या पुढे गेलं की सीटखालून थरथर सुरू होते आणि ऐंशीला ती गिअरच्या दांड्यात जाणवते. कामाआधी ती नव्हती. म्हणजे शोध तिथेच घ्यायचा, जिथे पाना लागला.

[दृश्य: मोकळा सरळ रस्ता, स्पीडोमीटर]

ऐंशीला गाडी न्यूट्रल केली. इंजिन मंदावलं, थरथर तशीच राहिली. इंजिन आणि क्लच यादीतून गेले.

[दृश्य: मोबाइलवर कंपनांचा आलेख]

आता हिशेब. 215/75 आर 15 टायरचा घेर साधारण 2.2 मीटर. ताशी 80 ला चाक सेकंदाला 10 फेरे घेतं. डिफरेन्शियलचा रेशो 4 धरला, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 4, तर शाफ्ट 40 फेरे घेतो. टायर किंवा ड्रमचा दोष असेल तर सेकंदाला 10 ठोके. शाफ्ट वाकलेला किंवा बॅलन्स बिघडलेला असेल तर 40. आणि क्रॉसचा कोन चुकला असेल तर 80, कारण तो दोष दर फेऱ्याला दोनदा ठोकतो. आलेखाचं टोक बघा: 80 च्या अगदी जवळ.

[दृश्य: बाकावर हाताने फिरवलेला सुटा क्रॉस]

दोनदाच का? हा सांधा 17व्या शतकातल्या रॉबर्ट हूक यांच्या नावाने ओळखला जातो. कोनात फिरताना तो वेग सारखा पुढे देत नाही. पुढची बाजू एकसारखी फिरवली तरी मागची अर्ध्या फेऱ्यात एकदा धावते, एकदा रेंगाळते. दहा अंशांच्या कोनात हा फरक दोन्हीकडे दीड टक्का असतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस तोच फरक उलटा करून मिटवतो. पण दोन अटींवर: शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत हवेत, आणि दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत.

[दृश्य: स्लिप योकवरच्या बाणाच्या खुणा]

पहिली अट नुसत्या डोळ्यांनी तपासता येते. शाफ्ट ओढून काढला आणि परत घालताना स्प्लाइनचा (सरकत्या जोडाच्या खाचांचा) एक दात चुकला, की योक तिरके बसतात. म्हणून उघडण्याआधी स्प्लाइनवर आणि फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) रंगाची रेघ मारायचीच. या गाडीत खुणा जुळतात. मग उरला कोन.

[दृश्य: चुंबकाचा अँगल गेज, आकडा जवळून]

गाडी चारही चाकांवर, सपाट जागी. हौसिंग (मागच्या ॲक्सलचं कवच) लोंबकळत ठेवून घेतलेलं माप कामाचं नाही. गेज तीन ठिकाणी: गिअरबॉक्सचा फ्लँज, शाफ्टची नळी, टेलपिनियनचा (शाफ्टकडून फिरणं घेणाऱ्या डिफरेन्शियलच्या गिअरचा) फ्लँज.

गिअरबॉक्स मागे उतरता 3 अंश. शाफ्टही तसाच, 6. टेलपिनियनही तसंच, 1. म्हणजे पुढचा क्रॉस 3 अंशांत चालतो, मागचा 5 मध्ये. फरक 2 अंश. तो एका अंशाच्या आत हवा. शून्य कोनही नको. क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया फिरल्याच नाहीत तर त्या एकाच जागी खड्डे पाडतात.

[दृश्य: पाटा आणि हौसिंगमध्ये सरकणारी स्टीलची पाचर]

टेलपिनियनचं नाक 2 अंश वर उचलायचं. पाटा हौसिंगच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू मागे. पाटा खालून असेल तर जाड बाजू पुढे. उलटी बसली तर टेलपिनियन 1 वरून उणे 1 वर जातं, मागचा कोन 7 होतो आणि फरक 4. थरथर आणखी वाढते. पाचर स्टीलचीच घ्यावी, आणि पाट्याचा सेंटर बोल्ट तेवढा लांब, म्हणजे त्याचं डोकं हौसिंगच्या भोकात पुरतं बसेल.

असा आलेख हातात असताना शाफ्ट थेट बॅलन्सिंगला पाठवणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे फुकट घालवणं. बॅलन्सिंगने कोन सुधारत नाही. टोक 40 वर असतं, तर आधी डायल गेजने नळीचा वाकडेपणा पाहिला असता.

दुर्लक्ष केलं तर गिअरबॉक्सच्या मागचं ऑइल सील आणि टेलपिनियनचं बेअरिंग जातं. क्रॉस तुटून शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यात रुतू शकतं.

[दृश्य: नवे यू-बोल्ट, टॉर्क रेंच]

पाटा हौसिंगला आवळणारे यू-बोल्ट जुने वापरू नयेत. गाडी चाकांवर उतरवून, चारही नट समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांच्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे, शेवटचा टॉर्क कंपनीच्या पुस्तकातला. मग कोन पुन्हा मोजायचा. आत्ता गेजवर 3 आणि 3. थोडे किलोमीटर गाडी फिरवून पाटे बसले की तेच नट परत टॉर्क रेंचने तपासायचे.