मधुमेह, हृदय आणि साखरेपलीकडचे आकडे

मधुमेहाचा रुग्ण तपासणीला येतो, तेव्हा त्याच्या फाइलमध्ये उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेचे आकडे तारीखवार लावलेले असतात. रक्तदाबाची नोंद मात्र शोधावी लागते आणि कोलेस्टेरॉलचा अहवाल, असलाच तर, जुना असतो. ‘शुगर कंट्रोलमध्ये आहे, मग बीपीची गोळी कशाला?’ हा प्रश्न त्या फाइलमधूनच येतो.

वाढलेली साखर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करते हे खरे. पण त्या इजा झालेल्या जागी चरबीचा थर साचतो तो कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि तंबाखू यांच्या साथीने. शिवाय मधुमेहात नसाही बधिर होत असल्याने हृदयविकाराचा झटका काही वेळा छातीत न दुखताच येतो. नुसता दम लागतो, घाम फुटतो आणि घरचे पित्त समजून रात्र काढतात.

डेन्मार्कमधील ‘स्टेनो-२’ हा अभ्यास मला या बाबतीत सर्वांत बोलका वाटतो. त्यात रुग्ण अवघे १६०, सर्वांना टाइप २ मधुमेह आणि लघवीतून अल्प प्रमाणात प्रथिने जाण्याची सुरुवात झालेली. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि धूम्रपान या सर्वांकडे एकत्र लक्ष देऊन त्यांचा नियमित पाठपुरावा केला गेला. २००३ साली, म्हणजे सरासरी ७.८ वर्षांनंतरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा या दुसऱ्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटनांचा धोका जवळपास निम्म्यावर आलेला होता. गंमत अशी की, एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६.५ टक्क्यांखाली आणण्याचे उद्दिष्ट त्या गटातल्याही फार थोड्यांना गाठता आले. कोलेस्टेरॉलचे उद्दिष्ट मात्र बहुतेकांनी गाठले. एकवीस वर्षांच्या पाठपुराव्यात या गटाचे मध्यक आयुर्मान ७.९ वर्षांनी अधिक आढळले.

याचा अर्थ साखर दुय्यम आहे असा कोणी काढू नये. ब्रिटनमध्ये नव्याने निदान झालेल्या रुग्णांवर झालेल्या यूकेपीडीएस या अभ्यासात, सुरुवातीपासून साखर आटोक्यात ठेवल्याचा हृदयाला झालेला फायदा १९९८ मध्ये निर्विवाद दिसला नाही. तो २००८ मध्ये, पुढील दहा वर्षांच्या पाठपुराव्यात स्पष्ट झाला. त्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडातील ‘अकॉर्ड’ या अभ्यासात, हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा मोठा धोका असलेल्या जुन्या मधुमेहींचे एचबीए१सी ६ टक्क्यांखाली ओढण्याचा प्रयत्न मृत्यूंचे प्रमाण वाढल्याने मध्येच थांबवावा लागला. म्हणूनच एखाद्या सत्तरीतल्या, पूर्वी झटका येऊन गेलेल्या आणि इन्शुलिनवर असलेल्या आजोबांच्या बाबतीत मुलगा ‘सहाच्या आत आणा’ असा हट्ट धरतो, तेव्हा मी साडेसात ते आठवर समाधान मानतो आणि चर्चा त्यांच्या रक्तदाबाकडे, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीकडे व मिशरीच्या डबीकडे वळवतो.