पहिल्या मजल्यावरची ग्रामसभा

श्रोतेहो, नमस्कार.

मी लहानपणी पोलिओ झालेला माणूस. डाव्या पायात कॅलिपर घालतो आणि कोल्हापुरात दिव्यांग मुलांना गोळाफेक शिकवतो.

बसून गोळा टाकणाऱ्याची तयारी तुम्ही जवळून पाहिली आहे का? लोखंडी बैठक पट्ट्यांनी जमिनीशी आवळतात. उशीसकट तिची उंची 75 सेंटीमीटरपेक्षा जास्त चालत नाही, पंच ती मोजून घेतात. मग खेळाडूला उचलून बसवायचं आणि मांड्या पट्ट्याने बांधायच्या. फेकताना बूड जरा जरी उचललं, तरी फेक बाद. कुणाच्या अंगात किती ताकद उरली आहे, हे तपासून गट ठरतात. दया नाही, सवलत नाही. बरोबरीची लढत व्हावी म्हणून केलेली ही सगळी मांडणी आहे.

अशाच बैठकीवरून दीपा मलिक यांनी 2016 साली रिओत 4.61 मीटर गोळा टाकला आणि पॅरालिम्पिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. 2019 मध्ये त्या राजकारणात आल्या. अथेन्स आणि रिओत भालाफेकीचं सुवर्ण जिंकणारे देवेंद्र झाझडिया 2024 ला राजस्थानात चुरूमधून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. दोघांचा पक्ष एकच, पण पक्ष हा आजचा माझा विषय नाही.

‘खेळाडूनं खेळावं, राजकारण कशाला?’ असं लोक म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. 1965 च्या युद्धात गोळ्या झेलल्या, 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण आणलं. पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं. दिव्यांगांची दखल किती सावकाश घेतली जाते ते बघा.

ब्रिटनच्या टॅनी ग्रे-थॉम्पसन चाकाच्या खुर्चीवर असतात. त्यांच्या नावावर पॅरालिम्पिकची 11 सुवर्णपदकं आहेत आणि 2010 पासून त्या तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर त्यांना गाडीतून उतरवून घ्यायला कुणी आलंच नाही. शेवटी त्या डब्यातून सरपटत उतरल्या. पण ते सांगणारी बाई संसदेतली होती, म्हणून देशभर बोलबाला झाला. आपल्याकडं एसटीच्या पायरीवर हे रोज घडतं.

करवीर तालुक्यातल्या माझ्या गावात ग्रामसभा पहिल्या मजल्यावर भरते. एकोणीस पायऱ्या. मी कठडा धरून चढतो. माझा एक विद्यार्थी चाकाच्या खुर्चीवर असतो, तो खालीच थांबतो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्या पैशाचा हिशेब वर वाचला जातो आणि ज्याच्यासाठी तो पैसा, तो पोरगा खाली जिन्याशी कान देऊन बसलेला. हे बघताना माझ्या पोटात तुटतं.

याच करवीरात शाहू महाराजांनी 1902 मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखून ठेवल्या. ज्याला आत जागा नाही त्याचं कुणी ऐकत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. 2016 च्या दिव्यांग कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा दिल्या, पण आमच्या ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी राखीव खुर्ची नाही. तामिळनाडूनं 2025 मध्ये स्थानिक संस्थांत दिव्यांग सदस्य नेमण्याचा कायदा केला. आपणही तो मागायला हवा.

तोवर, पुढची ग्रामसभा देवळाच्या मंडपात घ्या, असा अर्ज आम्ही ग्रामसेवकांकडं दिला आहे. मंडपाला पायरी एकच आहे. तिच्यावर फळी टाकायचं काम मी अंगावर घेतलंय.

नमस्कार.