काळ्या जोडीला चॉकलेटी पिल्लू

श्रोतेहो, नमस्कार.

लॅब्रॅडॉरची जोडी, दोघंही काळीभोर. वेतात एखादं पिल्लू चॉकलेटी निघालं की मालकाला लगेच भलत्याच कुत्र्याचा संशय येतो. बिचाऱ्यावर नाहक आळ!

या रंगाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. काळा रंग प्रभावी. एक प्रत असली तरी अंग काळंच. चॉकलेटी अप्रभावी, तो दिसायला दोन्ही प्रती त्याच लागतात. म्हणून काळ्या कुत्र्यांत चॉकलेटी प्रत पिढ्यान् पिढ्या दडून राहते. आईबाप दोघांतही ती असेल, तर पिल्लू चॉकलेटी होण्याची शक्यता चारात एक.

ही शक्यता दर पिल्लामागे नव्याने मोजायची. आठ पिल्लांत दोन चॉकलेटी ठरलेलीच, असं नाही. आठही काळी निघण्याची शक्यता तब्बल दहा टक्के आहे. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलला ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले वाटाणे मिळाले, तेव्हा कुठे तीनास एक हे प्रमाण उठून दिसलं. आपल्या हाती असतं एकच वेत.

नरात चॉकलेटी प्रत दडलीय का, हे कळायला तो चॉकलेटी मादीला लावतात. एक जरी चॉकलेटी पिल्लू झालं, तरी गुपित फुटलं. सातही काळी झाली तर? प्रत दडलेली असती, तर असा योग १२८ वेळांत एकदाच आला असता.

पिवळ्या लॅब्रॅडॉरची गंमत और आहे. तिथे दुसरंच जनुक अंगावरच्या केसांत काळा-चॉकलेटी रंग उतरूच देत नाही. पण नाक बघा! काळं नाक असेल तर आत काळी प्रत आहे. तपकिरी असेल तर दोन्ही चॉकलेटी. त्यामुळे दोन चॉकलेटी कुत्र्यांना पिवळं पिल्लू होऊ शकतं, काळं मात्र नाही.

रंगापुरतं हे कौतुक ठीक. पण याच जातीत दृष्टिपटल झिजवून आंधळं करणारा एक अप्रभावी आजारही आहे. त्याची एकच प्रत दडलेली असते तो कुत्रा वाहक. दोन वाहक एकत्र आले, तर तिथेही चारात एक. वाहकाची जोडी ती प्रत नसलेल्या निर्दोष जोडीदाराशी लावली, तर त्या आजाराने एकही पिल्लू आंधळं होत नाही. साधारण निम्मी फक्त वाहक निघतात. तेव्हा चांगला नर केवळ वाहक म्हणून बाद करू नका. मादीची जनुकीय तपासणी आधी करा, आणि पिल्लांची त्यांना पुढे जोडी लावण्यापूर्वी.