रेशमाचे नॅनोतंतू : कोषापासून इलेक्ट्रोडपर्यंत

रेशमाच्या कोषात फायब्रॉइन नावाचं प्रथिन असतं. ते विरघळवून, विद्युतदाबाने सिरिंजच्या सुईतून ओढून नॅनोतंतूंची चटई करायची आणि ती शरीरातल्या इलेक्ट्रोडसाठी वापरायची, असा हा प्रवास आहे. फायब्रॉइनच्या साखळ्या एकमेकींशेजारी येऊन घट्ट बसतात, त्या रचनेला बीटा शीट म्हणतात. ही रचना एकदा झाली की प्रथिन पाण्यात विरघळत नाही. आपल्याला ती हवीच आहे, पण तंतू तयार झाल्यावर. आधी झाली तर सिरिंजमध्येच जेल होतं. प्रयोगशाळेतली बहुतेक धडपड तिला वेळेआधी होऊ न देण्याचीच असते.

सुरुवात तुतीच्या कोषांपासून. अळी काढून टाकलेल्या ५ ग्रॅम कोषांचे तुकडे करा. २ लिटर पाण्यात ४.२४ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट घालून उकळी आणा आणि त्यात तुकडे बरोबर ३० मिनिटं उकळा. बाहेरचं चिकट सेरिसिन सुटतं. धुऊन पूर्ण वाळवल्यावर वजन साधारण ३.६ ग्रॅम भरायला हवं. ४.२ ग्रॅम भरलं तर सेरिसिन शिल्लक आहे. ते फायब्रॉइनबरोबर शरीरात गेलं तर दाह होऊ शकतो.

मग मोह होतो, की तासभर उकळून घेऊ. इथे घोळ होतो. फायब्रॉइनची मोठी साखळी सुमारे ३९० किलोडाल्टनची असते (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) आणि कार्बोनेटमध्ये जितकं उकळाल तितके तिचे तुकडे पडतात. सेरिसिन जातं खरं, पण पुढे तंतूऐवजी मणी पडतात. बिघाड दिसतो सुईपाशी, झालेला असतो पातेल्यात.

वाळलेलं रेशीम ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइडमध्ये विरघळवायचं : १ ग्रॅमला ४ मिलिलिटर, ६० अंश सेल्सिअसला चार तासांपर्यंत. हा क्षार पाण्यात घालताना उष्णता सुटते, म्हणून थोडा थोडा घाला. तयार द्रावण ३५०० डाल्टनपेक्षा लहान रेणूच बाहेर सोडणाऱ्या डायलिसिस नळीत भरून ४८ तास शुद्ध पाण्यात ठेवा आणि पाणी पाच-सहा वेळा बदला. बाहेरच्या पाण्याची विद्युतवाहकता ताज्या पाण्याइतकी उतरली की क्षार गेला असं समजा. मग थंड सेंट्रिफ्यूज करून गाळ काढा. ६० अंशांवर थोडं द्रावण सुकवून वजन केलं की सांद्रता कळते. ती ७-८ टक्के मिळते. बाटली ४ अंशांवर ठेवा आणि कृपा करून हलवू नका. जोरात ढवळणं, उष्णता आणि पीएच ४ च्या जवळ जाणं, या तिन्हींनी बीटा शीट लवकर होते.

इलेक्ट्रोस्पिनिंगसाठी, म्हणजे विद्युतदाबाने सुईतून तंतू ओढण्यासाठी, हे द्रावण फार पातळ पडतं. एकतारी पाकासारखी तार धरावी म्हणून ९ लाख रेणुभाराचं पॉलिइथिलीन ऑक्साइड मिसळतात : ८ टक्क्यांच्या २० मिलिलिटर फायब्रॉइनला ५ टक्क्यांचं ५ मिलिलिटर. विद्युतदाब १० ते १५ किलोव्होल्ट, सुईपासून चटई जमते तिथपर्यंतचं अंतर १५ ते २० सेंटिमीटर, प्रवाह ताशी १ मिलिलिटरच्या आसपास. सुईच्या टोकाशी कडक गाठ आली तर हवा फार कोरडी आहे. तंतू चपटे होऊन एकमेकांत वितळल्यासारखे दिसले तर ते ओलेच पोचताहेत. मुंबईच्या पावसाळ्यात हे हमखास होतं. व्होल्टेजशी खेळत बसण्यापेक्षा पेटीत कोरडी हवा सोडा.

आता ती बीटा शीट हवी. चटई ९० टक्के मिथेनॉलमध्ये १० ते १५ मिनिटं बुडवा, किंवा निर्वात डेसिकेटरमध्ये पाण्याच्या वाफेत दिवसभर ठेवा. वैद्यकीय वापरासाठी मला वाफ बरी वाटते; मिथेनॉलचा अवशेष काढण्याची कटकट उरत नाही. इन्फ्रारेड वर्णपटात प्रथिनाची रचना दाखवणारं अमाइड-१ चं शिखर १६५० कडून १६२५ प्रति सेंटिमीटरकडे सरकलं की काम झालं. मग ३७ अंशांच्या पाण्यात ४८ तास ठेवून पॉलिइथिलीन ऑक्साइड काढायचं. वरच्या मिश्रणात १.६ ग्रॅम रेशीम आणि ०.२५ ग्रॅम हे, म्हणून त्याचा वाटा १.८५ ग्रॅममध्ये ०.२५, म्हणजे साडेतेरा टक्के. कोरड्या वजनातली घट त्याहून बरीच कमी आली तर ते आत अडकलंय. जास्त आली तर रेशीमच वाहून चाललंय, म्हणजे आधीची पायरी अपुरी पडली.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेशीम स्वतः वीज वाहत नाही, ते आधार देतं. २०१० मध्ये पाण्यात विरघळणाऱ्या रेशमाच्या फिल्मवर अतिशय पातळ इलेक्ट्रोडची जाळी बसवून ती मांजराच्या मेंदूवर ठेवली गेली. रेशीम विरघळलं आणि जाळी मेंदूच्या वळ्यांना चिकटून बसली. २०१२ मध्ये मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि रेशीम वापरून शरीरात विरघळणारी परिपथंही झाली. आपल्या चटईला वाहक करायचं तर पेडॉट-पीएसएस या वीज वाहणाऱ्या पॉलिमरचा लेप नंतर द्या. हे पॉलिमर चांगलंच आम्ल असतं, त्यामुळे द्रावणातच मिसळलं तर फायब्रॉइन साकळतं. आणि विद्युत रोध कोरड्या चटईचा मोजून खूश होऊ नका. शरीरात ती ओलीच राहणार, म्हणून सलाइनमध्ये ठेवून काही दिवस रोज मोजा. लेप फुगून सुटायला लागला की आकडा चढत जातो.

गडचिरोली-भंडाऱ्याचं टसर चालेल का, असा प्रश्न नेहमी येतो. टसरच्या फायब्रॉइनमध्ये पेशींना धरून ठेवणारा आरजीडी हा तीन अमिनो आम्लांचा क्रम असतो, जो तुतीच्या रेशमात नाही. त्यामुळे ते मोहात पाडतं. पण त्यातल्या अॅलानिन या अमिनो आम्लाच्या लांब पट्ट्यांमुळे लिथियम ब्रोमाइडची वरची कृती त्याला लागू पडत नाही. आयनिक द्रव (कमी तापमानालाही द्रवरूप असणारे क्षार) वापरावे लागतात, नाहीतर कोष होण्याआधीच अळीच्या ग्रंथीतून प्रथिन घ्यावं लागतं.