पतंगाची अंडी खाणारा कोळी

स्क्रीनवर कोंड्यातून पळापळ करणारे हे फिकट ठिपके बघा, प्रत्येक ठिपका म्हणजे एक कोळी, जाळं विणणारा नव्हे, इंग्रजीत ज्याला माइट म्हणतात तो, लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, नाव ब्लॅटिसोशियस टार्सालिस. आपल्या द्राक्षवाल्यांना कोळी म्हटलं की लाल कोळी आठवतो आणि हात थेट फवारणीच्या पंपाकडे जातो, पण हा पानाला तोंड लावत नाही, हा शिकारी आहे आणि साठवलेल्या धान्यातल्या पतंगाची अंडी हे त्याचं आवडतं खाणं.

(दृश्य: पावसातली घोटी, भातगिरणी, तांदळाची थप्पी)

इगतपुरी-घोटीकडचा पावसाळा तुम्हाला माहितीये, हवा सतत ओली, आणि त्यातच तांदळाला जाळी धरते, दाणे चिकटून गुठळ्या होतात. हे काम कॉर्सायरा पतंगाच्या अळीचं. मग कुणीतरी गॅसची गोळी आणून कोठीत टाकतं. कळकळीने सांगतो, राहत्या घरात ही गोळी नको म्हणजे नकोच, तिच्यातून निघणाऱ्या फॉस्फिनने माणसं गेली आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी किडी आता त्या गॅसला दाद देईनाशा झाल्यात.

(दृश्य: लॅब, पतंगाचे ट्रे)

आपण शेतात ट्रायकोकार्ड लावतो ना, म्हणजे किडींच्या अंड्यांवर वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा या चिमुकल्या परोपजीवी माशीचं कार्ड, त्यासाठी लॅबमध्ये हाच कॉर्सायरा मुद्दाम पाळतात, ज्वारी-बाजरीच्या भरड्यावर, आणि त्याच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा वाढवतात. त्या लॅबवाल्यांची झोप कोण उडवतं, तर हाच कोळी! एकदा ट्रेमध्ये शिरला की अंडी फस्त करत सुटतो, म्हणून भरड्यात गंधक मिसळावं लागतं. माझ्या मते त्याच्या कामाचं याहून चांगलं सर्टिफिकेट नाही. तिथे नको असलेला हा पाहुणा वेगळ्या खोलीत नीट पाळायचा आणि गोदामात सोडायचा, एवढीच सगळी कल्पना आहे.

(दृश्य: बरण्या, मिठाचा डबा)

खायला पतंगाची अंडीच द्यायची, पण आधी फ्रीजरमध्ये ठेवून, म्हणजे त्यातून अळी निघत नाही. रुंद तोंडाची बरणी, आत लपायला थोडा कोंडा, तोंडाला अगदी बारीक विणीचं कापड, कारण साध्या मलमलीतून हे सहज निसटतात. तापमान 25 ते 27 अंश आणि आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास, आणि त्यासाठी महागडं मशीन लागत नाही, झाकणाच्या मोठ्या डब्यात खाली पाण्यात मीठ घालत राहायचं, तळाला न विरघळलेलं मीठ दिसेपर्यंत, वर जाळीवर बरण्या ठेवायच्या आणि झाकण लावायचं, आतली हवा आपोआप 75 च्या जवळ राहते. साधं खायचं मीठ! नाशिकच्या एप्रिल-मेमधली कोरडी हवा या जिवाला सोसत नाही, तेव्हा तर हा डबा हवाच.

पतंगाची खोली आणि कोळ्याची खोली पूर्ण वेगळी ठेवा. आधी पतंगाचं काम उरकायचं, मग कोळ्याकडे जायचं, उलटं कधीच नाही, कारण हा कपड्यावरून जातो, हातावरून जातो, पतंगाच्या अंगावर बसूनसुद्धा प्रवास करतो. आणि द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी आणलेलं गंधक ज्या शेडमध्ये ठेवलंय तिथे या बरण्या नेऊच नका.

(दृश्य: गोदाम, झाडलोट)

सोडायची वेळ मात्र गाठली पाहिजे. गोदाम झाडून, फटी साफ करून, पहिले दोन-चार पतंग उडताना दिसले की लगेच. जाळी धरेपर्यंत थांबलात तर उशीर झाला, मोठ्या अळीपुढे याचं काही चालत नाही.

गव्हातल्या सोंडकिड्यावरही याच्या भरवशावर राहू नका, त्याची मादी दाणा पोखरून आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवते, कोळ्याला वाटच मिळत नाही. तिथे ॲनिसोप्टेरोमॅलस नावाची चिमुकली परोपजीवी माशी कामाला येते, ती बाहेरूनच दाण्यात नळी खुपसून आतल्या अळीवर अंडं घालते.