आर्द्रता बारा टक्के

(दृश्य: धरणगाव रस्ता. कापसाच्या गाड्यांची रांग.)

ढिगात मीटर खुपसला जातो. ओलावा ८ टक्के असेल तर पूर्ण हमीभाव. पुढे टक्क्यामागे एक टक्का कपात. १२च्या वर गेला की सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावरून गाडी परत. २०२५-२६चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. १२ टक्क्यांना हातात साधारण ७,७८६. म्हणून जाणता माणूस दव उतरल्यावर वेचतो, दिवसभर पसरून ठेवतो. बटाईदाराची अडचण वेगळीच, केंद्रावर लागणारा सातबारा त्याच्या नावावर नसतो. त्याचा माल खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याकडे जातो. तिथे मीटर नाही. व्यापारी कापूस मुठीत दाबतो आणि भाव सांगतो.

हा भाव ठरतो कुठे?

धागा अमेरिकेपर्यंत जातो. तिथले कारखाने बाहेर गेले, २००८च्या मंदीत बँका सावरल्या, पण अनेकांची घरं जप्त झाली. त्या रागावर राष्ट्रवादी राजकारण उभं राहिलं, आणि जकात हे त्याचं आवडतं हत्यार. २७ ऑगस्ट २०२५पासून भारतीय कपड्यांवर तिथे आधीच्या जकातीच्या वर आणखी ५० टक्क्यांचा बोजा पडला. निर्यातदार हादरले, त्यांची अडचण खरीच होती. इथल्या गिरण्यांची जुनी मागणी होती स्वस्त रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची. ती मात्र बोजा पूर्ण पडण्याआधीच मान्य झाली.

१५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी शेतकऱ्यांसाठी भिंतीसारखं उभं राहण्याची ग्वाही दिली. १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे ऐन विक्रीच्या दिवसांत!

(दृश्य: जिनिंगमध्ये सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे.)

हिशोब मांडू. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि घट. ३५६ किलोच्या खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. समजा परदेशी खंडी ५०,००० रुपयांना पडते. शुल्कासह तीच ५५,५००. शुल्क गेलं की गिरणीला इथल्या खंडीसाठी ५,५०० रुपये जास्त मोजायचं कारण उरत नाही. कापसाच्या क्विंटलमागे ही रक्कम सव्वापाचशेच्या घरात जाते. हमीभाव कागदावर तसाच राहतो, खाली सरकतो तो मुठीत दाबून सांगितलेला भाव.

याच जळगाव जिल्ह्यात फैजपूर. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन इथे भरलं, खादीच्या वातावरणात. स्वदेशी हा शब्द तेव्हा सुतापासून सुरू होत असे.

३१ डिसेंबर उजाडेपर्यंत मे महिन्यात ठिबकवर लावलेली कपाशी कधीच वेचून झालेली असते. फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक पुढे, ठेवली तर गुलाबी बोंडअळी वाढते. म्हणून बऱ्याच वावरांत पऱ्हाट्या उपटून हरभरा पेरलेला असतो.